‘तिथे’ म्हणजे कुठे?

टिकोजी सकाळपासून कात्री घेऊन घरभर का फिरतोय, हे कोडं निहाराला काही केल्या सुटेना. टिकोजी म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. स्वभावाने गरीब, पण डोक्याने अक्षरशः लोखंडी! त्याने पडदे उलटे केले, गाद्या उचलल्या आणि शेवटी मांजराच्या पोटाखालीही पाहिलं. मांजराने त्याला ओरबाडलं, तर बिचाऱ्याचंच नख दुखावलं.

“अरे, शोधतोयस काय?”

“गाठ. प्रणालीआत्या आरशासमोर पुटपुटल्या, ‘तिथे गाठ लागतेय हाताला.’ मी सोडवून देणार आहे. पण नकाशात ‘तिथे’ नावाचं ठिकाणच नाही!”

हसता हसता निहारा एकदम थांबली. आरशासमोर? ती तडक आत्याकडे गेली. टिकोजीही मागोमाग आला.

“आत्या, तिथे म्हणजे कुठे गं?”

आत्याने ओढणी सावरली. “शू! असलं मोठ्याने बोलतात का? दुखत तर नाही. जाईल आपोआप.”

“स्तनात ना? शाळेत शिकवलंय आम्हाला. नाक म्हणतेस, कान म्हणतेस, तसंच म्हण की!”

टिकोजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याचा दिवा कपाळावरच होता.

“म्हणजे हे कात्रीचं काम नव्हे,” तो म्हणाला. “शरीर पेशींचं (सूक्ष्म जिवंत घटकांचं) बनलेलं असतं. गरजेपुरत्या नव्या पेशी तयार होतात. काही मात्र थांब म्हटलं तरी थांबत नाहीत, वाढतच सुटतात आणि शेजारी घुसतात. तो कर्करोग. बहुतेक गाठी तशा नसतात. पण कुठली कशी, ते हाताला कळत नाही. म्हणून न दुखणारी गाठही डॉक्टरांना दाखवायची. मॅमोग्राफी (स्तनाचं क्ष-किरण चित्र) काढतात, गरज पडली तर गाठीचा कणभर तुकडा तपासतात. लवकर कळलं की उपचार सोपे.”

“आणि तसलंच निघालं तर?” आत्याने हळूच विचारलं.

निहारा आत्याला घट्ट बिलगली. “तर लवकर कळेल. चल ना गं!”

आत्या डॉक्टरांकडे गेली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कर्करोगच आहे. पण अगदी लहान आहे, पसरलेला नाही. तुम्ही पूर्ण बऱ्या होण्याची खूप आशा आहे.”

आत्या मनसोक्त रडली आणि नाक शिंकरून चालकाविना धावणाऱ्या गाडीत बसली.

“घरी जायचं?” गाडीने विचारलं.

“आधी माझ्या मैत्रिणीकडे, हर्षदाकडे घे,” आत्या म्हणाली. “वर्षभर तपासणी टाळतेय बया. आज उचलूनच आणते तिला!”