चिमीच्या पायांचं तीर्थ

"पी गं सरोज, देवीचं तीर्थ आहे, तोंड काय वाकडं करतेस!" सासू चतुराबाईंनी वाटी धाकट्या सुनेपुढे धरली आणि थोरली सून तारामती हातातलं काम टाकून पुढे आली... नणंदेच्या चिमीला गोवर निघाला होता, म्हणजे सुलतान बाजारातल्या या घरात देवी आली होती, आणि देवी आली की गरोदर सुनेनं तिला मांडीवर घ्यायचं, तिचे पाय धुवायचे आणि ते पाणी प्यायचं! गढूळ पाण्यावर कडुनिंबाचा पाला तरंगत होता. चिमीचा शेंबूड पुसलेल्या पदरानंच वाटीची कड पुसलेली होती. शी! तारामतीनं वाटी हिसकावली आणि मोरीत भिरकावली.

"अक्का!" सरोज किंचाळली. तिला तिसरा महिना होता.

"स्वतःचं मूल खाल्लंस, आता हिचंही खातेस काय गं!" चतुराबाई कडाडल्या.

ओसरीवर तारामतीचा नवरा लक्ष्मणराव मित्रांशी वाद घालत होता... हैदराबाद राज्याचे तुकडे कसे पडणार, कचेरीतलं कोण मुंबईकडे जाणार, कोण इथेच राहणार! बायकोला काय म्हटलं गेलं ते ऐकूनही त्यानं फक्त चहा मागितला. तारामतीला त्या माणसाची विलक्षण किळस आली.

"डाक्टरीणबाईंनी सांगितलंय," ती म्हणाली. "एका जातीच्या गोवरानं पोरांना काही होत नाही, पण गरोदर बाईला तो लागला तर पोटातल्या बाळाचे डोळे जातात, कान जातात, काळीज अधू राहतं! सरोजला आत्ताच माहेरी पाठवा. मग मला काय म्हणायचं ते म्हणा..."

"तुला कशाला विचारावं लागलं हे?" चतुराबाईंनी विचारलं.

तारामतीनं मोरीतल्या वाटीकडे बोट दाखवलं. चतुराबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तारामतीचं ते पहिलं मूल... जन्मतःच दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, रडता रडता निळं होणारं, बारसं व्हायच्या आतच गेलेलं! सगळ्यांनी तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. आणि ती गरोदर असताना सरोजचा नवरा, तेव्हा शाळकरी पोर, असाच गोवरानं पडला होता.

"तारा... तुला ते तीर्थ मीच पाजलं होतं ना गं?"

"हौ, आत्याबाई."

"कळलं होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सोसलं नसतं."

"सरोजसाठी रिक्षा बोलवा रे!" चतुराबाई ओसरीकडे ओरडल्या, आणि मग फुटक्या आवाजात म्हणाल्या, "त्याचं नाव काय ठेवणार होतीस गं?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं!

"दिनकर," तारामती म्हणाली. सासूची किळस अजून गेली नव्हती, तरी तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून ती धाय मोकलून रडली.