चौथ्यांदा ओतलेलं

"नवीन काही सापडेनासं झालं, की मगच थांबायचं. त्याआधी नाही."

पहिल्या वरिष्ठांचा हा आवाज औषध निरीक्षक बाईंना कारखान्याच्या पायऱ्या चढताना आठवला. इस्पितळात एक मुलगा बेशुद्ध होता. खोकल्याच्या औषधाचा कच्चा माल विषारी पिंपातला निघाला होता. कंपनीने यादी काढून बाटल्या परत मागवल्या. मुलाच्या घरची बाटली त्या यादीत नव्हतीच.

"शेवटची बाटली उचलल्याशिवाय घरी जाणार नाही," असं बाई त्याच्या आईला सांगून आल्या होत्या.

व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतभर त्यांच्याच सत्काराचे फोटो होते. हार मोठे, माणूस बेताचा.

"यादी संगणक काढतो आणि संगणक बघतात आमचे जावईबापू," ते म्हणाले. "मालकांनी मुलीसाठी शोधलेलं रत्न. झेलतोय आम्ही."

जावईबापू दाराशी उभे होते. त्यांना बसा म्हणायची रीत तिथे नव्हती.

"तुम्ही काय बदललंत?" बाईंनी विचारलं.

"नियम तेच आहेत, ताई. दोनच. वाईट पिंपातला माल जिच्यात गेला, ती बॅच वाईट. वाईट बॅचमधलं उरलेलं औषध पुढच्या जिच्यात ओतलं, तीही वाईट. पूर्वी संगणक सगळ्याच पिंपांच्या साखळ्या काढायचा आणि शेवटी आपली निवडायचा. दिवस जायचा. मी हव्या त्या पिंपापासूनच सुरुवात करून दिली. दर फेरीत फक्त नव्याने सापडलेल्या बॅचेसपासून पुढे जायचं."

"आणि थांबायचं कधी?"

"नवीन काही सापडलं नाही, की."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"घाई करायची, मग बॅच सुटायची," व्यवस्थापक म्हणाले. "सासऱ्यांना दाखवायला वेग हवा ना."

"उरलेलं किती वेळा ओतता?"

"परवानगी तीनदाच आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पुढचं फेकतो. मी स्वतः उभा असतो."

"मग मुलाची बॅच सुटली कशी?"

"अहो, चौथ्यांदा ओतलेल्यात विष कितीसं राहणार? उगाच बाऊ करताय."



"चौथ्यांदा ओततच नाही म्हणालात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ती बॅच कितव्या ओतण्याची, हे मी विचारलंही नव्हतं. यांनी वाट जवळची केली, पण वाटेतलं काही गाळलं नाही. दोन्ही नियमांत फेऱ्यांची मोजणी नाही. ती कोणीतरी मागून घातली. चौथी फेरी यादीत आली असती, तर चोरून ओतणंही उघडं पडलं असतं. म्हणून."

जावईबापू संगणकाशी वाकले. "तिसऱ्या फेरीनंतर थांब, अशी ओळ आहे इथे. माझी नाही. या व्यवस्थापक साहेबांच्या खात्यातून घातलीय."

"मालकांशी मी बोलेन," व्यवस्थापक म्हणाले. आवाजात मात्र फोटोतला रुबाब राहिला नव्हता.

"बोला की. मुलाच्या आईशी बोलायची हिंमत तुमच्यात नाहीच. माझ्याबरोबर आलेले पोलीस खाली आहेत, आधी त्यांच्याशी बोला."

जावईबापूंनी ती ओळ काढून टाकली. यादी वाढत गेली आणि आपोआप थांबली.

"आता नवीन काही नाही, ताई."

"बघू." बाईंनी यादी घेतली. "गाडी चालवता येते?"

"येते."

व्यवस्थापकांकडे न बघता त्या उठल्या. यादीतलं पहिलं दुकान नदीपलीकडे होतं. पदर खोचून त्या जिना उतरू लागल्या.