दोन कुंड्यांचा घोळ

माझ्या रोपवाटिकेतल्या काचघराचं दार खांद्याने ढकलून तो आत आला. दोन्ही हातांत एकेक कुंडी, आणि आतल्या दमट हवेने चष्म्यावर वाफ धरलेली. त्यामुळे तो पहिल्यांदा "नमस्कार" म्हणाला ते टांगलेल्या नेच्याला!

"इकडे आहे मी..." हसू दाबताना माझी तारांबळ उडाली.

परदेशी गेलेल्या आपल्या ताईची ऑर्किड तो सांभाळत होता. कुंड्या पुसताना नावांच्या पट्ट्या निघाल्या, त्या आता त्याच्या खिशात होत्या. मी त्या वाचल्या. दोन जाती, अगदी सख्ख्या बहिणी, पानं हुबेहूब. पण एकीचं पाणी थंडीत तोडावं लागतं आणि दुसरीचं तोडलं तर ती मरते.

"ताई मला फाडून खाईल. सांगा ना, कोणती कुठली?"

"फूल आल्याशिवाय नाही सांगता यायचं. राहू द्या इथेच."

कुंड्या राहिल्या. तो मात्र रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की हजर! कळ्यांकडे कमी बघायचा आणि माझ्याकडे... की मलाच तसं वाटायचं? झाडांसाठी येतो की माझ्यासाठी? मला सर्दी झाली होती तेव्हा एकदा त्याने "आज सर्दी कशी आहे?" असं विचारलं. मी कळीवर वाकून म्हणाले, "हिला नाही हो सर्दी!" एवढी माझी मती गुंग झाली होती.

मग एका सकाळी दोन्ही फुलं उमलली. एका जातीच्या खालच्या पाकळीवर बारीक लव असते, दुसरीची गुळगुळीत. मी भिंग लावलं. पहिल्या फुलाला लव होती. दुसऱ्यालाही! म्हणजे ओळखायचं काही नव्हतंच. आता तो कुंड्या नेणार. मग पुन्हा कशाला येईल?

"दोन्ही एकच जात आहेत," संध्याकाळी मी एका दमात सांगून टाकलं.

"हो..." तो कान खाजवत म्हणाला. "ताई म्हणाली, दुसऱ्या जातीचं झाड केव्हाच मेलं. त्या कुंडीत तिने पहिलीचाच फुटवा लावला, पट्टी तेवढी जुनी राहिली."

"कधी म्हणाली?"

"मी इथे पहिल्यांदा आलो ना — त्याच रात्री."

"मग रोज कशाला येत होतात?"

"एवढं भिंग हातात असून कळलं नाही?"

"माणसांच्या बाबतीत मी ढ आहे. नीट सांगावं लागतं."

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. चष्म्यावर पुन्हा वाफ धरली होती, पण या वेळी तो नेच्याशी बोलत नव्हता.

मला इतका आनंद झाला की काही सुचेना. मी एक कुंडी त्याच्या हातात दिली. दुसरी मागे सरकवली.

"ही उद्या ने."

"आणि उद्या विसरलो तर?"

"तर परवा ये."