गोठलेल्या जमिनीतली जागा

यूकॉन नदीकाठच्या फोर्ट हार्लो या लष्करी ठाण्यावर हिवाळ्यात मेलेली माणसं जळाऊ लाकडांच्या कोठारात ठेवत. जमीन दगडासारखी गोठलेली असे. म्हणून दर सप्टेंबरात शिपाई अंदाजानं काही कबरी आधीच खणून ठेवत. त्या वर्षी ओढ्यात सोनं सापडलं, आणि ज्याला फावडं धरता येत होतं तो तिकडं धावला. कबरी खणायच्याच राहिल्या.

सार्जंट टियर्नी जानेवारीत तापानं गेला. त्याची मुलगी नोरा पलटणीचे कपडे धुवायची. पाणी तापवायला लाकडं आणायची ती त्याच कोठारातून, बापाच्या शवपेटीला वळसा घालून. शिपाई दारातून डोकावत. "सार्जंटसाहेब, पहारा बदलायचा का?" म्हणत आणि हसत.

ती कॅप्टनकडं गेली. तो म्हणाला, "मे महिन्यापर्यंत थांब."

"तोवर ही माणसं पेटीवर लाकडं रचतील, साहेब."

त्यानं पुढ्यातली वही उघडली.

बापाचा जुना सोबती कॉर्पोरल डुगन तेवढा कबर खणायला तिच्याबरोबर आला. "खाणवाले करतात तसं करू. जाळ करायचा, विझला की मऊ झालेली माती उपसायची, पुन्हा जाळ. कंटाळशील, पोरी."

"नाही कंटाळणार, काका."

सुरुवातीला दिवसाकाठी वीतभर माती निघाली. मग एका सकाळी जाळ करण्याआधीच तळ मऊ लागला.

"टियर्नीनं वर वशिला लावलाय," डुगन हसला. "जिवंतपणी कधी जमला नव्हता."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या खड्ड्यातून धूर येत होता. राख तर त्यांनी काल उपसून टाकली होती. नोरानं मूठभर माती हुंगली. ओल्या लाकडाच्या धुराचा वास. त्यांनी जाळलेलं लाकूड सुकं होतं.

मग खालून खरवडल्याचा आवाज आला. संथ, कामाची सवय असलेल्या हाताचा.

"कुणाचं तरी भुयार असेल," डुगन म्हणाला.

"मग उपसलेली माती कुठाय?"

चहूकडं बर्फ सपाट होतं.

"बुजवून टाकू या, नोरा."

"आणि बाबांना? पुन्हा कोठारात?"

डुगननं फावडं खाली ठेवलं. ते दोघं गेले आणि घसरगाडीवरून पेटी ओढत घेऊन आले.

खड्डा कमरेएवढा होता. पेटीच्या दोन्ही टोकांखालून एकेक दोर घालून त्यांनी ती खाली सोडली.

खालचं खरवडणं थांबलं.

पेटी टेकायला हवी होती. दोर सरकतच राहिले. नोराच्या हातमोज्यांतून, डुगनच्या हातमोज्यांतून, कितीतरी हात खोल सरकत गेले.

मग वजन गेलं.

नोरानं आपला दोर वर ओढला. पेटीखालून गेलेला त्याचा भाग ओला होता, आणि कोमट.

"काका, तुमचाही काढा."

डुगन हलला नाही. त्याच्या हातातला दोर ताणलेला होता.

"खालून कुणीतरी दोनदा ओढला," तो पुटपुटला. "खाणीत खालचा माणूस असा ओढतो."

"कशासाठी?"

"पुढचं पाठवा म्हणून."