पाकोळ्यांसाठी कॅमेरा

त्या कॅमेऱ्यांच्या दुकानाच्या दाराची स्प्रिंग इतकी कडक होती, की गिऱ्हाईक आत येत नसे, आत फेकलं जात असे. एक जाडजूड फोटोग्राफर म्हणे एकदा पुढच्या दारानं आला तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि थेट चौकात जाऊन सावरला. मी पाहिलेलं नाही. पण दार पाहिलंय, म्हणून विश्वास बसतो.

त्या संध्याकाळी दारानं एका मुलीला आत फेकलं. ती काउंटरवर आदळली, खांद्यावरची पिशवी तिच्याही पुढे गेली, आणि पलीकडे उभ्या विक्रेत्याचा चष्मा उडून कपाटाखाली पसार झाला.

"अगं बाई! लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. चष्म्याला विचारावं लागेल." तो तिच्या अंदाजे दिशेनं हसला. "बोला मॅडम… काय दाखवू?"

"कॅमेरा. डीएसएलआर. अगदी शिकाऊ नको, आणि तोफेएवढाही नको. मधला."

"फोटो कशाचे काढणार?"

"एका जागी क्षणभर न बसणाऱ्यांचे."

"म्हणजे नवऱ्याचे?" आतल्या खोलीतून आवाज आला. हे दुकानाचे मालक, विक्रेत्याचे सख्खे मामा. माणूस आत बसे, कान मात्र कायम काउंटरवर.

"नवरा अजून नाही," ती म्हणाली, आणि उगाचच लाल झाली. "पाकोळ्यांचे."

ती बस डेपोत निवेदिका होती. कोणती बस कुठून सुटतेय, ते दिवसभर माइकवर सांगायची. डेपोच्या जुन्या पत्र्यांखाली पाकोळ्यांची घरटी होती – त्या काळ्या, विळ्यासारख्या पंखांच्या, जमिनीला पाय न लावणाऱ्या पाखरांची. यंदा पिल्लं उडून गेली की पत्रे काढून टाकायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी छप्परही नाही आणि घरटीही नाहीत. फोटो मिळायचे तर आत्ताच, ती उडून जायच्या आत.

त्यानं एक मधल्या दर्जाचा कॅमेरा काढला, सवयीनं स्वतःच्या उघड्या डोळ्याला लावला, डोळा लावायच्या खिडकीशेजारची बारीक चकती फिरवून नीट दिसतंय ना ते पाहिलं आणि तिच्या हातात दिला. ती डावा डोळा लावणारी. नाक कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चपटं झालं.

"धूसर दिसतंय हो."

"धूसर?" त्यानं दुसरा तपासून दिला.

"हाही तसाच. फोटो येतोय स्वच्छ, पण बघताना सगळं धुकं. एवढ्या चपळ पाखराला मी धुक्यात कुठे शोधू?" तिनं बोटांनी काउंटरवर टकटक केलं. "असू दे. उद्या येते."

ती गेली. कपाटाखालून चष्मा निघाला. तो डोळ्यांवर चढवून त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं – आणि धुकंच धुकं! मग डोक्यात प्रकाश पडला. ती चकती ज्याच्या-त्याच्या नजरेच्या नंबरानुसार फिरवायची असते. त्यानं ती आपल्या उघड्या डोळ्यांना जुळवली होती. आणि त्याचा नंबर असा, की उघड्या डोळ्यांनी त्याला समोरून येणारा हत्ती पाया पडल्यावर ओळखू येई. तिच्या धडधाकट डोळ्याला धूसर दिसणार नाही तर काय!

उद्या आली की सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दारानं तिला आत फेकलं, वाऱ्यानं केस तोंडावर, हसणं आवरेना… आणि त्याच्या मनात आलं, हिला आत्ता स्वच्छ दिसलं, तर ही कॅमेरा घेईल. आणि घेतला, की कशाला येईल?

खरं सांगायचं सोडून त्या गाढवानं चष्मा काढला आणि चकती फिरवली.

मग रोजच्या संध्याकाळी सुरू झाल्या. ती स्टुलावर बसत नसे, तो काउंटरमागे थांबत नसे. दुकानभर दोघांची येरझार.

"हा जड आहे. धाकट्या भावाला कडेवर घेतल्यासारखं वाटतंय."

"मग हा घ्या. हलका."

"याचा आवाज ऐकलात? एक फोटो काढला तर पाकोळ्या काय, पत्रेसुद्धा उडतील!"

"हा लागोपाठ भराभर काढतो."

"चांगला आहे… हातातही बसतोय. पण धूसर." ती थबकायची. "माझे डोळेच बिघडलेत का हो?"

"छे! तुमचे डोळे तर…"

"तर काय?"

"…नाही. लेन्स पुसून देतो."

'डोळेच बिघडलेत का' हे त्याला घरी जाऊनही टोचत राही. ताटावरून उठे, खिडकीशी जाई, परत येई. ती गेल्यावर काचेचं कपाट पुसत बसे.

"भाच्या," मामा शेवटी म्हणाले, "किती पुसशील? काच झिजून वारा आत यायला लागला! त्या मुलीला काय ते सांग, नाहीतर मी सांगतो."

"काय सांगणार तुम्ही?"

"चकतीचं सांगेन. बाकीचं तुझं तू."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मामांना सगळं ठाऊक होतं तर!

आणि त्याच संध्याकाळी ती आली, ती हसत नव्हती.

"आज दिवसभर फार उंच फिरत होत्या. घरट्यांकडे एकही वळली नाही. निघायच्या बेतात आहेत… दिवसभर सुटणाऱ्यांचंच सांगते ना मी, मला कळतं. द्या कुठलाही. धूसर तर धूसर."

त्यानं लागोपाठ फोटो काढणारा तो कॅमेरा पुढे केला. पण हातातून सोडला नाही.

"ही चकती… तुमच्या डोळ्याप्रमाणे फिरवा."

तिनं फिरवली. नाक चपटं झालं.

"तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही घाबरलाय. सगळं लख्ख दिसतंय." कॅमेरा खाली आला. "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच रात्री कळलं."

"आणि मी डोळे तपासून आले!" तिचा आवाज चढला. डेपोभर घुमणारा आवाज तो. कपाटातल्या लेन्सांनी आपापली झाकणं घट्ट धरली. "का केलंत असं?"

"तुम्ही कॅमेरा घेतला असतात, तर परत आला नसतात."

"मग 'परत या' म्हणायचं! तेवढं म्हणायला कुठे चकती फिरवावी लागते?"

तिनं कॅमेरा उचलला आणि ती डेपोकडे पळाली.

"अरे जा की! पैशांचं मागाहून बघू!" मामा ओरडले. "इथे उभा राहून काय दिवे लावणार आहेस?"

डेपोत पोचेस्तोवर त्याला धाप लागली. ती पत्र्यांच्या टोकाशी, उघड्या आभाळाखाली उभी होती. आभाळ स्वच्छ होतं, उजेड फोटोला हवा तसा पिवळा… आणि वर काहीच नव्हतं. एक पंख नाही, एक किलबिल नाही.

"गेल्या," ती म्हणाली.

"माफ करा," तो म्हणाला. "कायमचं हुकवलं मी तुमचं."

ती कॅमेऱ्याचा पट्टा बोटांना गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"पुढच्या वर्षी त्या परत येतील," ती अखेर म्हणाली. "पत्रे नसतील. मग कुठेतरी दुसरीकडे राहतील. कुठली भिंत, कुठला पूल, कुठलं गोदाम… शहरभर हिंडून जागा शोधून ठेवावी लागेल. एकटीनं होणार नाही."

"मी येतो! रोज येतो."

"दुकान सुटल्यावर?"

"सुटल्यावर, मॅडम."

"आणि ते मॅडम बंद. शिक्षा भोगणारा माणूस मॅडम म्हणत नसतो. चल."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या वर्षी? वळचणी बघत चल. मी डावीकडच्या बघते, तू उजवीकडच्या."

निघाले दोघं, माना वर करून. रस्ता बघायचं काम कुणाकडेच नव्हतं; एका खांबाला त्यानं नमस्कार घातला, एका हातगाडीची तिनं माफी मागितली. म्हणून मग तिनं त्याचं कोपर धरलं. पडू नये म्हणून, दुसरं काही नाही… असं ती अजूनही सांगते. कोपर मात्र सोडत नाही.