विंझरच्या चढावरची बाळंतीण

कामथडीच्या सगुणाबाईनं पंचवीस वर्षांत किती बाळंतपणं केली, त्याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. कुणाचं पोर पायाळू आलं, कुणाच्या गळ्यात नाळ होती, एवढं मात्र तिला बरोबर आठवायचं. छत्तीस सालच्या मार्गशीर्षात, दुपारी जेवणं उरकली असतील-नसतील, तिच्या अंगणात मोटार येऊन उभी राहिली तेव्हा ती हात पुसतच बाहेर आली.

वेल्ह्याचे लाकडाचे ठेकेदार मानसिंगराव यांची ती गाडी. कुठल्याशा संस्थानाकडून जुनी विकत घेतलेली, विलायती, काळीशार. ड्रायव्हर हैबती खाली उतरून म्हणाला, "मावशी, धाकल्या बाईसाहेबांना कळा सुरू झाल्यात. मालकांनी तुमाला घिऊनच या म्हनून सांगितलंय."

तेलाची बाटली, वेखंड, ओवा आणि धुतलेलं धडुतं गाठोड्यात बांधून सगुणाबाई निघाली. जन्मात पहिल्यांदाच मोटारीत बसत होती. तिची भीड चेपावी म्हणून हैबती तिला गाडी दाखवू लागला. लेकीचे गुण सांगावेत तसा सांगत होता. पायाखाली एक दांडी होती. ती दाबली की नळ्यांतून सगळ्या सांध्यांना आपोआप तेल जाई. हाताखालच्या गादीत बटण दडवलेलं होतं. ते दाबलं की पुढं ड्रायव्हरसमोर तांबडा दिवा लागायचा, म्हणजे गोषातल्या बायकांना तोंडानं 'थांब' म्हणायला नको. ड्रायव्हरच्या पाठीमागं काच होती आणि काचेखालच्या लाकडात काहीतरी बसवलेलं होतं. हैबतीनं एक कडी ओढताच तिथून लहानशी कातडी बैठक बाहेर आली, मागच्या गादीकडे तोंड केलेली.

"ह्यात इस्प्रिंग हाय. मानूस बसलंय तंवर खाली ऱ्हाती. उठलं की आपली आपन मिटती. बघा." त्यानं हात काढला. बैठक फट्‌दिशी लाकडात गेली. फटसुद्धा दिसेना.

"बया!" सगुणाबाई म्हणाली.

नसरापूर मागं पडलं. आंबवणे गेलं. उन्हं कलली होती आणि कापलेल्या भाताच्या खाचरांतून गारवा वर चढत होता. दोन्ही हातांनी गाठोडं मांडीवर धरून सगुणाबाई बसली होती. विंझरच्या अलीकडच्या चढावर गाडीचा वेग एकाएकी कमी झाला. गाडी थांबली आणि इंजिनाचा आवाजही बंद पडला.

हैबतीनं काच सरकवली. "मावशी, बटन दाबलं का तुमी?"

"न्हाई बा. माझं हात हितं हायेत."

त्याच्यापुढचा तांबडा दिवा लागलेला होता.

त्यानं उतरून पुढचं झाकण उघडलं, वायरी चाचपल्या, दांडा घालून चारदा फिरवला. इंजिन हूं की चूं करेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत सगुणाबाईला वास आला, ओल्या केसांचा आणि रक्ताचा. बाळंतिणीच्या खोलीतला वास तिला नवा नव्हता. पण इथं...

तिच्या डोळ्यांदेखत समोरची बैठक हळूहळू बाहेर आली. खाली झाली. आणि खालीच राहिली. कातड्याला मधोमध खळगा पडला.

"हैबती..." ती गाठोडं छातीशी धरून मागं सरकली. "हैबती, हिकडं ये."

तो दाराशी आला, बैठकीकडे पाहिलं आणि चाकाला धरून रस्त्यातच बसला.

"थोरल्या बाईसाहेब हायेत त्या," तो खाली मान घालून म्हणाला. "सोजराबाई, मालकांचं पयलं कुटुंब. दोन सालं झाली. पुन्याच्या दवाखान्यात न्हेत हुतो. मालक शेजारी. ह्याच चढावर पोर आडलं. मागं टेकवंना म्हनून ह्या बैठकीवर आल्या, काच बडवत हुत्या, थांबव, थांबव म्हनत हुत्या. मालक म्हनलं, थांबू न्हगंस. म्या थांबलो न्हाई, मावशी... पोर पोटातच ऱ्हायलं. त्या बी गेल्या. तवापास्नं गाडी हितं दोनदा बंद पडली. तासंतास. पन तवा बैठक मिटल्यालीच हुती. आज तुमी हायसा म्हनून..."

"तिकडं दुसरी अडलीय रं."

"ठावं हाय. म्या तरी काय करू?"

सगुणाबाईनं रस्त्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, पळता आलं असतं. पण समोरून बारीक कण्हणं आलं. ते कण्हणं ओळखायला तिला डोळ्यांची गरज नव्हती. कळ शेवटाला आली की बाई अशीच कण्हते.

"लांब जा तू. तोंड फिरीव," ती म्हणाली. पडदे ओढले. हाताला तेल लावलं आणि खळग्याच्या वर, रिकाम्या हवेत, हात पुढं केला.

हात थंडीत बुडाला. मग पोट लागलं, लाकडासारखं ताठ. पोर आडवं होतं. तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्यावर काम सोपं झालं.

"सोस, बाई. घाई न्हाई आता. गाडी थांबलीय... हां. आनखी एक कळ..."

किती वेळ गेला कोण जाणे. काहीतरी तिच्या ओंजळीत घसरत आलं, नदीतल्या माशासारखं गार. ते रडलं नाही. कुणीतरी लांब श्वास सोडला. खळगा हळूहळू भरून आला, आणि बैठक फट्‌दिशी मिटली.

बाहेर हैबतीनं दांडा फिरवला. पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं.

वेल्ह्याला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. धाकट्या बाईसाहेब तासाभरात सुटल्या. मुलगा झाला, रडून त्यानं बंगला डोक्यावर घेतला. मानसिंगरावांनी सगुणाबाईला लुगडं दिलं. तिनं ते न उलगडताच काखेत मारलं आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती तिला परत सोडायला निघाला. विंझरचा चढ गाडी सहज उतरली. चढ संपल्यावर त्यानं काच सरकवली.

"मावशी, पोर हुतं का?"

"हुतं. पोरगी."

"मंग... त्यांच्याकडं दिली का तुमी?"

सगुणाबाईनं आठवून पाहिलं. नाळ आठवली. गार ओंजळ आठवली. बैठक मिटल्याचा आवाज आठवला. त्याच्या अधेमधे काही आठवेना. कामथडी येईपर्यंत ती आठवतच राहिली.

घरी उंबऱ्याशी सून अंबूबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचं तीन महिन्यांचं पोर आत झोळीत गाढ झोपलेलं. सासूला पाहून ती उठली, आणि एकदम छातीशी हात नेऊन थबकली. चोळी भिजली होती.

"आगं बया!" ती म्हणाली. "आत्याबाई, माझं लेकरू तर निजलंय... मग पान्हा कशानं फुटला?"

सगुणाबाईची ओंजळ अजून गारच होती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत पाऊल टाकावं की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना.