डावीकडची बासरी

सहा वर्षांच्या मौनानंतर ‘रेवाकाठ’ या जबलपूरच्याच बँडचा नवा अल्बम आला, त्या सकाळी वेदांग मदन महल स्टेशनच्या बाकावर डोळे मिटून ऐकत बसला होता. माणसांशी बोलताना त्याची जीभ अडखळे. या गाण्यांनी मात्र त्याच्याकडून कधी उत्तर मागितले नव्हते. तेवढ्यासाठीही तो त्यांचा ऋणी होता.

“भैया, हे ‘परतीचं पाणी’ आहे ना? माझा फोन आजच बंद पडायचा होता! एक गाणं ऐकू द्या न...” बाकाशी थांबलेली एक तरुणी त्याच्या फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

त्याने इअरफोनचे डावे टोक पुढे केले. ती डावीकडे बसली. नाव अवंती, रोज गाडीने श्रीधामला जाऊन तिथल्या शाळेत शिकवायची.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन चालू होता. तरीही ती आली, वायरीएवढे अंतर राखून बसली, काहीबाही पुटपुटत राहिली. वेदांग मान हलवी. गाडी येईपर्यंतच्या त्या अर्ध्या तासाच्या ओढीने तो गढ्यातल्या घरून आता पंधरा मिनिटे आधीच निघू लागला.

पाचव्या दिवशी तिने विचारले, “शेवटच्या गाण्यातली बासरी... जीव कासावीस करते न?”

“हो, फारच.”

“अच्छा? कुठून सुरू होते, सांगा बरं.”

तो फोनवर ते गाणे शोधू लागला.

“काहून खोटं बोलता? गाणी तरी ऐकता का नुसतंच बसून राहिले?” तिने टोक काढून त्याच्या हातात ठेवले. ती उठली. ही अशीच गेली, की उद्या हा बाक नुसता बाक उरेल...

“अवंतीजी,” तो अडखळत म्हणाला, “मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अकराव्या वर्षी गालगुंड झाले, तेव्हापासून. ते टोक तुम्हाला दिलं, त्यात माझा मोठेपणा नव्हता. बासरी... बहुतेक त्या डाव्या टोकातच वाजत असेल.”

ती परत वळली.

“म्हणजे पाच दिवस मी बंद दारापाशी बोलून राहिली?”

“थोडं ओठांवरून कळायचं.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं... घरी जाऊन कल्पनेनं भरायचो.”

ती खुदकन हसली. बाकाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे बसली आणि कानाशी झुकून बासरीची ती ओळ गुणगुणू लागली. सूर जरासा घसरला. वेदांगचे डोळे भरून आले.

“मंगळवारी मी काय म्हटलं, तेही नाही ऐकलं न मग?”

“काय?”

“की तुम्ही गप्प बसले तरी सोबत वाटते.” ती पायांकडे बघत होती. “अन् पहिल्या दिवशी भैया म्हटलं, ते परत घेते.”

गाडी फलाटाला लागली. त्याला कधीही ऐकू न येणाऱ्या त्या बासरीचे वेदांगने मनोमन आभार मानले. डब्यात शिरताच, आयुष्यात प्रथमच, त्याने न अडखळता कुणाला तरी हाक मारली –

“अवंती, इकडे... उजवीकडे!”